सहावी घंटी

मुरारच्या शाखेत राउटर होता
लोखंडी कपाटात, जुन्या खतावण्यांच्या गठ्ठ्यावर.
शिवपुरीजवळ कुणी रस्त्यात फावडं मारलं
की तो मुका व्हायचा.
मग मी इंदूरहून रात्रीची गाडी धरायचे,
बारा तास जायचं, चार ओळी टाइप करायच्या,
दौलतगंजात आत्याकडे आंघोळ, आणि परत.

साहेब म्हणाले, शितोळे, एकदाचं काहीतरी कर.
म्हणून मी मोडेम नेला,
टॉवेलात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत.
राउटरच्या पाठीला एक बारकं भोक असतं,
त्याच्याकडे कुणी बघत नाही.
त्यात चपटी निळी केबल,
तिचं दुसरं टोक मोडेमला,
मोडेमची शेपटी भिंतीतल्या टेलिफोनला.
पुढचा रस्ता बंद पडला तर
मागच्या बोळातून येऊन कडी वाजवायची,
एवढीच योजना.

पहिल्या रात्री ते दोघं एकमेकांशीच बोलत बसले.
राउटर विचारी, कोण? नाव सांगा.
मोडेम ऐकलेलं तसंच परत देई: कोण? नाव सांगा.
हे नाव चुकलं. कोण?
हे नाव चुकलं. कोण?
उजाडेपर्यंत.
मी इंदूरहून फोन लावतेय, तर त्यांना सवडच नाही.

पुन्हा बारा तास.
प्रतिध्वनी बंद करायला
एक अक्षर लागतं आणि एक शून्य.
तेवढं दिलं. वर सांगितलं,
दुसऱ्या घंटीला उचलत जा.
उचलू लागला. मी पेढे वाटले.

आठवड्याने रात्रपाळीचे रामसेवक कुशवाह
मॅनेजरच्या टेबलाशी उभे:
साहेब, फोनात काहीतरी शिरलंय.
त्यांची गेंदा भिंडच्या पलीकडे दिलेली.
गुरुवारी रात्री अकरानंतर, दर पाव झाला
की ती बूथवरून बापाला फोन करायची.
मोबाईल तेव्हा साहेबांकडेच असे.
आता ती हॅलो म्हणते
आणि इकडून कुणीतरी किंचाळतं,
आणि मीटर पडतं.

हे माझ्या नकाशात नव्हतं.
नकाशात चौकोन होता, रेघ होती,
रेघेवर लिहिलेलं: वापरात नसलेला फोन.

मी त्यांना म्हटलं, काका, गेटवर जाऊन उभे राहा.
इंदूरहून लावते, तुम्ही चालत या, मी मोजते.
तीन.
आणि चॅनल गेटचं कुलूप अडलं तर?
पाच.
मुख्य लाईन त्या दिवशी शाबूत होती,
तिच्यावरून मी मोडेमपर्यंत पोचले
आणि दोनाचे सहा केले.
गाडी न धरता मुरारला केलेलं
माझं ते पहिलं काम.

मग फेब्रुवारीत, लग्नसराईत, कुणी मांडवाचा खांब
नेमका केबलीवर ठोकला.
रात्रीचे दोन. मी नंबर फिरवला.
चौथ्या घंटीला धापा टाकत एक आवाज:
गेंदा?
नाही काका, मी.
(तिकडे काही वेळ नुसता श्वास.)
ठेवा आता. परत वाजेल, उचलू नका.
अच्छा, म्हणाले.

एक. दोन.
ते तिथेच उभे असणार, हात मागे बांधून.
तीन. चार.
बापाला वाजणारा फोन न उचलणं
काय असतं, मला ठाऊक नाही.
पाच.
सहावीला तो किंचाळला, मग खरखरला,
मग काळ्या पडद्यावर:
कोण? नाव सांगा.

परवा एक नवा मुलगा, विपुल टेंबे,
जुन्या यंत्रांच्या नोंदी पुसत होता.
मॅडम, इथे सहा का?
सगळीकडे तर दोन असतात.
मी म्हटलं,
दार लांब आहे.